मँडोलिनवाल्या काकांना ब्लूग्रास ऐकवलं: काय चाललं, काय नाही

आधीच सांगून टाकते, मला स्वतःला काहीही वाजवता येत नाही, शाळेत असताना पेटीच्या क्लासला दोन महिने गेले होते तेवढंच. पण आमचे नेरुळचे काका मँडोलिनवाले. ऐंशीच्या दशकात दिवसा बँकेत नोकरी आणि रात्री ऑर्केस्ट्रा, गडकरी रंगायतनपासून कुठल्या कुठल्या मंडळाच्या लाकडी स्टेजपर्यंत सगळीकडे वाजवून झालंय. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मुळात मँडोलिन वाजवायचे हे आम्हाला लहानपणी पाढ्यांच्या आधी पाठ होतं, आणि सज्जाद हुसेन मँडोलिनवर राग वाजवायचे हे सांगताना काका अजूनही कानाच्या पाळीला हात लावतात. तर अशा माणसाला ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं मँडोलिन-बँजोवालं लोकवळणाचं संगीत, आवडेल का, आणि आवडायचं असेल तर कुठून सुरुवात करायची, हे मी गेले सहा-सात महिने करून बघितलं. तुमच्या घरात किंवा ओळखीत असं कोणी मँडोलिनवेडं असेल तर हे वाचा, निदान मी केलेल्या चुका तरी करू नका.

मी या भानगडीत पडले झाकीरभाईंमुळे. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, त्यानंतर महिनाभर ठाणे-ऐरोली येता-जाता मी त्यांचंच ऐकत होते. त्यात २०२३ चा 'अ‍ॅज वी स्पीक' सापडला, झाकीरभाईंचा तबला, राकेश चौरसियांची बासरी, एडगर मेयरचा डबल बास आणि बेला फ्लेकचा बँजो. या अल्बमला एक आणि त्यातल्या एका रचनेला एक अशी दोन ग्रॅमी मिळाली वगैरे नंतर कळलं, मला पहिला प्रश्न हाच पडला की तबल्याशी एवढ्या सहज गप्पा मारणारा हा बँजोवाला आला कुठून, आणि शोधत गेले तर माणूस ब्लूग्रासवाला निघाला. एकदा ते दार उघडलं की अ‍ॅप तुम्हाला आत ओढतंच. दुसऱ्या आठवड्यात माझ्या कानात सगळीकडे मँडोलिन, आणि मला काका आठवले.

काकांना फोनवर म्हटलं, काका, अमेरिकेतलं एक संगीत आहे, त्यात मँडोलिन, बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन… तर बँजो म्हटल्यावर ते थांबलेच. "बेंजो? विसर्जनाचा?" आता यात त्यांची काही चूक नाही, आपल्याकडे बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा तो, टेम्पोवर भोंगे लावून, म्हणजे खरा बुलबुलतरंग. अमेरिकेतला बँजो वेगळा. डफासारखं गोल तोंड, त्यावर ताणलेलं कातडं (आता बहुतेक प्लास्टिकचं), लांब मान आणि पाच तारा. हे समजावण्यात माझी आठ मिनिटं गेली आणि तरी शेवटी "बघू, आण तुझा बेंजो" असंच ठरलं.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मला स्वतःला जे सगळ्यात भारी वाटलं होतं तेच मी लावलं, ब्लूग्रासचा जनक मानतात त्या बिल मन्रोचं 'रॉ हाइड', मँडोलिनचा सुसाट इन्स्ट्रुमेंटल पीस. तेही ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये, घणसोली आणि कोपरखैरणेच्या मधे, फोनच्या स्पीकरवर, शेजारच्या बाईंनी एकदा बघितलं सुद्धा. काकांनी पूर्ण ऐकलं, सभ्य माणूस आहे. मग म्हणाले, "पत्र्यावर पाऊस पडतोय गं. मँडोलिन कुठंय?" मला तेव्हा रागच आला, एवढं वेगात, एवढं स्वच्छ वाजवणारा माणूस आणि यांना ऐकूच येत नाही? घरी आल्यावर मीच शांतपणे त्यांच्या कानाने ऐकून बघितलं तेव्हा कुठे कळलं. आपल्या कानात मँडोलिन म्हणजे ती थरथर. सूर एकदा छेडला की मँडोलिनवर पटकन विझतो, तार आखूड ना, म्हणून एकाच सुरावर पिक (तार छेडायची छोटी पट्टी) भराभर खालीवर करून तो जिवंत ठेवायचा, ट्रेमोलो. शाहरुखने १९९५ साली मोहरीच्या शेतात मँडोलिन हातात धरलं तेव्हा अख्ख्या देशाला जे ऐकू आलं ते हेच, ओलं, गोड, जरासं रडवेलं. ब्लूग्रासमध्ये ही थरथर आहे पण ती ठेवणीतली, बाकी वेळ मँडोलिन काहीतरी भलतंच करत असतं.

ते भलतंच काय ते नीट सांगते कारण सगळी गंमत तिथेच आहे. जुन्या पद्धतीच्या ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. ठेका कोण धरणार? डबल बास म्हणतो 'धूम' आणि त्याच्या मधल्या रिकाम्या जागेत मँडोलिन म्हणतं 'चक'. धूम-चक, धूम-चक. या 'चक'ला ते लोक चॉप म्हणतात. मँडोलिनच्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीत असतात, डाव्या हाताने त्या चारी जोड्या दाबायच्या, एकही तार मोकळी ठेवायची नाही, उजव्या हाताने एक झटका खाली, आणि सूर निघाला न निघाला तोच डाव्या हाताची बोटं जरा ढिली सोडायची, उचलायची नाहीत, नुसती ढिली. सूर तिथेच मरतो आणि उरतो तो कोरडा लाकडी 'चक'. म्हणजे जो सूर जिवंत ठेवायला आपला मँडोलिनवाला मनगट मोडून घेतो, तोच सूर हे लोक मुद्दाम मारतात. काकांना हे दुसऱ्या भेटीत सांगितलं तर दोन मिनिटं गप्प, मग स्वतःच मांडीवर धूम-चक करायला लागले आणि म्हणाले, "म्हणजे टाळ झाला की हा. भजनातला टाळ. आणि तोच मधे उठून गातो पण." याच्याहून चांगलं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आणि इथे एक अगदी प्रॅक्टिकल गोष्ट, फोनच्या स्पीकरवर ब्लूग्रास ऐकवू नका, प्लीज. फोनवर डबल बास ऐकूच येत नाही, 'धूम' गायब, मग उरतं नुसतं चक चक चक आणि कान त्यालाच सम समजून बसतो, सगळं लंगडं आणि घाईत वाटतं. लोकलमध्ये पाऊस का पडला ते हेच. साधे वायरवाले इअरफोन घेतले तरी चालतं, काकांकडे जुना टू-इन-वन आहे त्याला ऑक्सची वायर लावली तर बास छान घुमला, काचेच्या कपाटातले स्टीलचे डबे पण थोडे वाजले.

तर मग सुरुवात कुठून? माझं उत्तर, दहा वेळा विचार करून, 'स्कॅग्ज अँड राइस'. १९८० चा अल्बम, दहा गाणी, आणि त्यात दोनच माणसं. रिकी स्कॅग्ज मँडोलिन, टोनी राइस गिटार, दोघंच गातात. ना बँजो ना फिडल ना काही. मँडोलिन आवडणाऱ्याला हे पहिलं का द्यायचं तर लपायला जागाच नाही, गिटार मधल्या-खालच्या पट्टीत बसते आणि वर मँडोलिन एकटं, प्रत्येक पिकचा घाव ऐकू येतो, कुठे जोडीतल्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्यात ते पण. गाणी जुनी आहेत, दोन भाऊ शेजारी उभे राहून गायचे त्या काळातली, एकाचा आवाज नेहमीचा आणि दुसऱ्याचा त्याच्या वर चिकटून. काकांना इंग्रजी गाण्यातले शब्द कळत नाहीत, मी सांगत गेले, हे आईवडिलांच्या आठवणीचं, हे ती झोपलीय तिथे गुलाब फुलतील का त्याचं, हे स्वर्गात तुझी कोणी वाट बघतंय का… चौथ्या गाण्याला म्हणाले, "सगळी मेलेलीच आहेत का गं यांच्यात?" बहुतेक हो, काका. पण गंमत बघा, गाणं मरणाचं आणि चाल अशी की मान हलते, आणि आपल्याला हे काही नवीन नाही, भजनी मंडळात 'अंती एकटाच जाशी' छापाचं काहीतरी लोक पखवाजावर किती उत्साहात म्हणतात. 'टेनेसी ब्लूज' हा त्यातला इन्स्ट्रुमेंटल पीस, मूळ मन्रोचा, तो त्यांनी तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकताना डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. मी काही बोलले नाही, चहा टाकायला उठले.

पाचपैकी पाच. त्यातला अर्धा मार्क मी लांबी कमी म्हणून कापणार होते पण लांबी कमी आहे हाच त्याचा गुण आहे, म्हाताऱ्या माणसाला एका बैठकीत पुरतं.

या अल्बमनंतरच मन्रोची गोष्ट सांगितली, आधी नाही, आणि हा क्रम बरोबर पडला असं मला वाटतं. बिल मन्रो, जन्म १९११, केंटकी राज्यातलं रोझीन नावाचं छोटं गाव, आठ भावंडांत धाकटा. मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेऊन टाकलेलं, याच्या वाट्याला उरलं ते मँडोलिन, आणि वर त्यांनी सांगितलं की आठातल्या चार तारा काढ, उगाच मोठा आवाज नको. काका पण घरात धाकटे, मोठ्या भावाचं दप्तर, मोठ्या भावाचा शर्ट. हे ऐकून ते एवढे हसले की काकू आतून बघायला आल्या. मग हाच धाकटा १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'त, म्हणजे त्यांच्या रेडिओवरच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात पोचला, बँडचं नाव ठेवलं 'ब्लू ग्रास बॉइज' कारण केंटकीला ब्लूग्रास स्टेट म्हणतात. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांनी बँजो वाजवणारा, लेस्टर फ्लॅट गिटारवर होताच, आणि त्या दोन-अडीच वर्षांत जो आवाज तयार झाला त्यालाच पुढे लोक ब्लूग्रास म्हणायला लागले. म्हणजे एका मँडोलिनवाल्याच्या बँडचं नाव अख्ख्या संगीताला. काकांना हे फार लागलं. ऑर्केस्ट्रात मँडोलिनवाला कायम मागच्या रांगेत, अ‍ॅकॉर्डियनच्या आड, एका गाण्यात चार बार वाजवायचे आणि मग गप्प बसायचं. "आणि इथे तोच मालक?" हो, इथे तोच मालक, सूट घालून, हॅट घालून, मधोमध.

त्याचं मँडोलिन हा आणखी वेगळा किस्सा. गिब्सन कंपनीचं एफ-५ मॉडेल, आत कंपनीतल्या लॉइड लोअर या वाद्यतज्ज्ञाची सही, ९ जुलै १९२३ ची. मायामीत एका न्हाव्याच्या दुकानात दिसलं आणि १५० डॉलरला घेतलं असं सांगतात. मग एकदा कंपनीने दुरुस्ती मनासारखी केली नाही म्हणून पठ्ठ्याने वरच्या पट्टीवरचं कंपनीचं नाव चाकूने खरवडून काढलं आणि तसंच वर्षानुवर्षं स्टेजवर वाजवलं, शेवटी कित्येक वर्षांनी दिलजमाई झाली. १९८५ मध्ये कोणीतरी घरात घुसून शेकोटीच्या लोखंडी सळीने ते फोडलं, आणि कारागिरांनी काड्या काड्या जुळवून पुन्हा उभं केलं. आता ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिकच्या म्युझियममध्ये आहे. काका मधे काहीच बोलले नाहीत, नुसतं "सळीने?" असं दोनदा विचारलं.

मन्रोचं काय ऐकवायचं? १९९४ मध्ये त्याचा चार सीडींचा मोठा संच आला होता, १९३६ पासूनचं सगळं, पण तो नवशिक्यावर टाकू नका, बुडेल माणूस. एकच लावा, १९८१ चं 'माय लास्ट डेज ऑन अर्थ'. शब्द जवळजवळ नाहीतच, मँडोलिन वेगळ्याच प्रकारे लावलेलं, जोडीतल्या दोन तारा नेहमी एका सुरात असतात त्या काही जोड्यांत फोडून वेगवेगळ्या सुरांवर, त्यामुळे एक पिक मारला की दोन सूर निघतात. मागे समुद्राच्या लाटा आणि पक्षी. आता लाटांचा आवाज घातलेलं संगीत म्हटलं की मला स्पाची जाहिरात आठवते, मी स्वतः नाक मुरडतच लावलं होतं. पण सत्तरीतला मँडोलिनवाला सत्तरीतल्या मँडोलिनवाल्याचं ऐकतोय (मन्रो तेव्हा सत्तरीला टेकलेला), तिथे माझं नाक कोण विचारतं. वेगाचं नाव नाही, मारवा-पूरियाच्या वेळेला चालेल असा उदास. काका म्हणाले याला ताल मागू नका. पत्र्यावरचा पाऊस हाच माणूस पाडत होता हे त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, पुढच्या आठवड्यात सांगितलं.

मँडोलिनवाला डेव्हिड ग्रिसमन आणि तोच गिटारवाला टोनी राइस यांचा 'टोन पोएम्स', १९९४. हा खास वाद्यवेड्यांसाठी. प्रत्येक ट्रॅकला वेगळं जुनं मँडोलिन आणि वेगळी जुनी गिटार, माणसं तीच दोन. काही मँडोलिनं तोंडात गूळ धरून बोलल्यासारखी, काही नाकातून. काकांनी डोळे मिटून "हे पोटवालं असणार" असं एकाबाबतीत सांगितलं, म्हणजे इटालियन पद्धतीचं, मागे कलिंगडाच्या फोडीसारखं पोट असलेलं, बरोबर की चूक मला सांगता येणार नाही पण चेहरा परीक्षकाचा होता. माझ्यासारखीला मात्र सलग ऐकताना अर्ध्यानंतर कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. वाद्य समजणाऱ्याला पाच, बाकीच्यांना साडेतीन. ग्रिसमनचाच १९७७ चा 'डेव्हिड ग्रिसमन क्विंटेट' आहे, त्यात दोन-दोन मँडोलिनं, व्हायोलिन, गिटार, बास, बँजो नाही आणि गाणंही नाही, जॅझकडे झुकलेला. ब्लूग्रास म्हणून मागाल तर नियमात बसत नाही, पण ज्याला गायकीचा तो वरच्या पट्टीतला नाकातला आवाज सहनच होत नाही त्याला हा द्या. तो आवाज खरंच काहींना नको होतो, आमच्या काकूंनी "कोण ओरडतंय" म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. मला स्वतःला तो शाहिराच्या मागे झीलकरी वर चढतात तसा वाटतो, त्या उंचीवर गोडवा ठेवायचा नसतोच.

मग सिएरा हल. टेनेसीची, १९९१ चा जन्म, आठव्या वर्षी मँडोलिन हातात घेतलं आणि २०१६ मध्ये ब्लूग्रासवाल्यांच्या संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम मँडोलिनवादकाचा पुरस्कार मिळवणारी पहिली बाई. २०१६! एवढी वर्षं काय करत होते हे लोक, असो. तिचा 'वेटेड माइंड' त्याच वर्षीचा, प्रोड्यूसर बेला फ्लेक, आणि बराचसा अल्बम मँडोलिन, डबल बास आणि तिचा आवाज एवढ्यावरच उभा आहे. हा शुद्ध ब्लूग्रास नाही, भांडायला येऊ नका, पण मँडोलिनचा नाद, म्हणजे लाकडाच्या आतली पोकळी ऐकायची असेल तर याच्यासारखा नाही. गाताना ती मागे जे वाजवते ते गाण्याची साथ म्हणून नाही, दुसरं गाणंच चालू असतं खाली. काकांनी पहिल्यांदा व्हिडिओ बघायला मागितला तो हिचा. फोन नाकाजवळ धरून उजवं मनगट बघत बसले. "पिक बघ केवढीशी हलते. आम्ही उगाच झोडायचो." मग एकदम, "हिला कोणी शिकवलं?" मला माहीत नव्हतं, मी म्हटलं घरात वातावरण असेल, तर म्हणाले घरात वातावरण आमच्याही होतं, तू का नाही शिकलीस. गेला माझा रविवार.

मँडोलिनवाला क्रिस थीली टाळून पुढे जाता येत नाही. हा १९८१ चा, लहान वयातच निकेल क्रीक नावाच्या बँडमधून पुढे आलेला, मग पंच ब्रदर्स, २०१२ ला मॅकआर्थर फेलोशिप. २०१३ मध्ये त्याने जुना जर्मन संगीतकार बाख याचे व्हायोलिनचे सोनाटा आणि पार्टिता एकट्या मँडोलिनवर वाजवले, पहिला भाग. हे शक्य होतं कारण मँडोलिन आणि व्हायोलिन लावायची पद्धत एकच, जी-डी-ए-ई, बोटांच्या जागा त्याच. गजाने सूर लांबवता येतो तिथे हा एकेक थेंब टाकत जातो, आणि कान मधल्या रेषा आपोआप ओढतो. मला हे प्रचंड आवडलं, ऐरोलीच्या ऑफिसात डेडलाइनच्या दिवशी हेच लावते. काकांना? "हुशार आहे." एवढंच. मँडोलिनवाल्याने मँडोलिनवाल्याला नुसतं हुशार म्हणावं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मला वाटतं त्यांच्या मनात श्रीनिवास आहेत, यू. श्रीनिवास, मँडोलिनवर कर्नाटक संगीत, तार खेचून मींड काढणारे, २०१४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. ज्याने ती मींड ऐकलीय त्याला बाखचे ठिपके कोरडे वाटणारच. इथे मी वाद घालत नाही.

आणि बेला फ्लेकचा 'माय ब्लूग्रास हार्ट', २०२१, ज्याला नंतर ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंच्या त्या अल्बमनंतर मी स्वतः यातूनच आत गेले म्हणून मला वाटायचं सगळ्यांनी यातूनच जावं. एकोणीस ट्रॅक, गाणं एकही नाही, आणि मँडोलिनवर आळीपाळीने सॅम बुश, ग्रिसमन, थीली, सिएरा हल, म्हणजे कोण नाही विचारा. नेमकं म्हणूनच पहिला देऊ नका, हे पंगतीचं पान आहे, उपाशी माणसाला आधी वरणभात. सहाव्या महिन्यात दिला तेव्हा काका ट्रॅकगणिक "हा सॅम", "ही पोरगी" असं ओळखायला लागले होते, सॅम बुशचा चॉप ते दुसऱ्या खोलीतून ओळखतात, कुऱ्हाडीसारखा पडतो म्हणतात. दोन वेळा चुकले. मी सांगितलं नाही.

मधल्या काळात माळ्यावरून त्यांचं मँडोलिन खाली आलं, हे ओघाने झालंच. तारा गंजलेल्या. ठाण्यात एका दुकानात विचारायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला मँडोलिन आता कोणी वाजवत नाही मॅडम, युकुलेले घ्या, आणि खरंच युकुलेले काढून माझ्या हातात दिला, गुलाबी. तारा शेवटी ऑनलाइन मागवल्या, आल्या त्या टोकाला पितळी मणी असलेल्या, गिटारला असतो तसा. काकांच्या मँडोलिनला मागे आकडे आहेत, त्यात तारेचा फास अडकवायचा असतो, मणी कुठे बसणार? रिटर्नचं बटण दाबलं तर पॅक उघडलाय म्हणून नाही म्हणाले. मी हताश, आणि काका पक्कड घेऊन बसले, तारेच्या टोकाच्या वेढ्यातला मणी हलकेच चिरडून बाहेर काढला, मागे उरला तो नेमका फास. आठ मणी, आठ फास, एक तास. म्हणजे तारा मागवताना लूप-एंड असं लिहिलेलं बघून घ्या, आणि नाहीच मिळाल्या तर घरात एक पक्कड आणि एक रिटायर्ड माणूस ठेवा.

चॉप मात्र त्यांच्या हाताला लवकर येईना. मन्रो छापाचा 'जी' कॉर्ड धरायचा तर जाड जोडीवर सातव्या पडद्याला करंगळी, पुढच्या जोडीवर पाचव्याला अनामिका, मग दुसऱ्याला तर्जनी आणि सगळ्यात बारीकवर तिसऱ्याला मधलं बोट. करून बघा नुसतं टेबलावर, करंगळी आणि तर्जनी एवढी फाकतात. त्यांच्या करंगळीला संधिवात. मग सरळ जाड जोडी सोडून दिली, तीनच जोड्यांवर चक, करंगळीला सुट्टी, आणि आवाज उलट जास्त कोरडा यायला लागला. गणपतीत आरतीला बसले ते घेऊन. पोरं टाळ बदडतायत, कोणी झांज, आणि त्या सगळ्या गदारोळात मधल्या जागेत बारीकसं चक, चक. शेजारच्या वहिनी मला हळूच म्हणाल्या, "काकांच्या तारा तुटल्यात का, सूरच निघत नाहीये."

परवा फोन आला, मला वाटलं काही नवीन मागतायत. तर नाही, संध्याकाळी खाडीच्या बाजूला चालायला जातात तिथे मन्रोचं ते समुद्रवालं लावून ऐकायचं असतं त्यांना, आणि बरोबर लाटा सुरू झाल्या की मधेच म्युच्युअल फंडाची जाहिरात लागते. "ते पैसे भरून बंद करता येतं म्हणे, किती आहेत ते बघून सांग, आणि काकूला बोलू नको."